लायसन्स मिळालं, पुढे काय?

(मंडळाच्या व्यवसाय मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



आपल्याकडे विमा एजंट समोरून येताना दिसला की माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जातात. माझे वडीलही जायचे! त्यांच्या मुलाने वीस वर्षं आयटीत काढून 2019 साली न्यू जर्सीत स्वतःची विमा एजन्सी उघडली, तेव्हा आईने फोनवर एवढंच विचारलं, "नोकरी गेली का रे?"

गेली नव्हती, सोडली होती. तुमच्यापैकीही काहीजण असा विचार करताहेत असं कळलं, म्हणून अनुभवाचे चार बोल.

परीक्षा हा सोपा भाग. अभ्यास करायची सवय आपल्याला आहेच. लायसन्स हातात आलं आणि मला वाटलं, झालं, दुकान उघडलं. पण दुकानात माल कुठे होता? घराची, गाडीची पॉलिसी विकायची तर प्रत्येक कंपनीची वेगळी 'अपॉइंटमेंट' लागते. कंपनी पहिला प्रश्न विचारते, "आतापर्यंत किती धंदा केलात?" म्हणजे आधी पोहायला शिका, मग पाण्यात उतरा!

नवख्यापुढे वाटा दोन. एकाच कंपनीचा एजंट झालात तर नाव आणि ट्रेनिंग मिळतं, पण करारानुसार गिऱ्हाईक बहुधा कंपनीचं राहतं. स्वतंत्र एजन्सीत तुम्ही अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकता आणि रिन्यूअल्सवर हक्क तुमचा असतो. पुढेमागे एजन्सी विकलीत तर किंमत येते ती त्याचीच. मी दुसरी वाट धरली. त्यासाठी बऱ्याच नवख्यांना 'अ‍ॅग्रिगेटर'च्या छत्रीखाली जावं लागतं, तसा मीही गेलो. त्याच्यामार्फत कंपन्या मिळतात, बदल्यात तो कमिशनचा वाटा घेतो. सही करण्याआधी करार वकिलाकडून वाचून घ्या. उद्या बाहेर पडलात तर गिऱ्हाईक कोणाचं, हे कलम आधी पाहा.

आता हिशेब. समजा, घराच्या पॉलिसीचा वार्षिक प्रीमियम 1,500 डॉलर आणि कमिशन 12 टक्के. झाले 180. त्यातले 30 टक्के अ‍ॅग्रिगेटरचे, तुमच्या हाती 126. शंभर घरं मिळवलीत तरी वर्षाचे 12,600! त्यातून ऑफिस, सॉफ्टवेअर, टॅक्स. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय नोकरी सोडू नका. आमच्याकडे हिची नोकरी होती, हेल्थ इन्शुरन्स तिच्याकडून होता, म्हणून निभावलं. जमेची बाजू एकच: गिऱ्हाईक टिकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा कमिशन येतं.

आपली माणसं हक्काने विचारतात, "अरे, कमिशनमधले थोडे परत देशील ना?" भारतात 1938 च्या विमा कायद्याच्या 41 व्या कलमाने त्याला बंदी आहे, तरी सर्रास चालायचं. इथेही बहुतेक राज्यांत तसं करायला मनाई आहे. हसून नाही म्हणायला शिका. लायसन्स जाण्यापेक्षा काका चार दिवस रुसलेले परवडले.

आता जे सांगायला आलो ते. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस कोसळला. पहाटे पाचला मंडळातल्या एका वहिनींचा फोन. "भाऊजी, बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी आहे. आपली पॉलिसी आहे ना?" पॉलिसी होती, मीच दिलेली. पण घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं नुकसान येत नाही, त्याची वेगळी पॉलिसी लागते. त्यांचं घर पूरक्षेत्रात नव्हतं, बँकेने मागितली नव्हती, म्हणून मी विषयच काढला नव्हता. खरं सांगायचं तर प्रीमियम वाढला तर ते दुसरीकडे जातील, ही भीतीही होती.

सरकारी पूरविम्यातही बेसमेंटमधल्या सोफा-टीव्हीचे पैसे मिळत नाहीत, पण फर्नेस आणि वॉटर हीटरचे मिळाले असते. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. दादा काही बोलले नाहीत. वहिनींनी चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो.

एजंटच्या चुकांसाठी 'एरर्स अँड ओमिशन्स' विमा असतो. पहिली पॉलिसी विकण्याआधी तो घ्या. पण वहिनींच्या घरी मान वर करून बसता येण्याचा विमा कुठे मिळत नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो, या पॉलिसीत काय नाही. पूरविमा विचारतो, साधारणपणे तो लागू व्हायला 30 दिवस लागतात हेही सांगतो, आणि नको असेल तर तशी सही घेतो. काहीजण कंटाळतात, काही दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आणि हो, दादा-वहिनी आजही माझे गिऱ्हाईक आहेत. पूरविमा त्यांनी त्याच महिन्यात घेतला आणि दिवाळीला फराळाचा डबाही आला.

तेव्हा मंडळी, जरूर या धंद्यात या. फक्त, पहिली शंभर गिऱ्हाइकं याच हॉलमधली असतील आणि दर गणपतीला, दर दिवाळीला ती पुन्हा समोर येणार आहेत, हे ध्यानात ठेवा.