शस्त्रपरवाना कोणाला, प्रशिक्षण कोणाच्या खर्चाने?

(पाचोड, ता. पैठण येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



शस्त्रपरवान्यासारखा विषय समाजवाद्यांनी कशाला हाती घ्यावा, असे काहींना वाटते. १८७८ साली लिटनच्या सरकारने शस्त्रकायदा करून हिंदी जनतेला निःशस्त्र केले. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत आत्मरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, मात्र त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक मागणी होती. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी (ते पुढे प्रजासमाजवादी पक्षात आले) शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती घटनासमितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, आणि ते योग्यच झाले. रझाकारांच्या जाचातून तीनच महिन्यांपूर्वी सुटलेल्या मराठवाड्याला त्याचे कारण समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हा शस्त्र हा आपल्याकडे हक्क नव्हे, ती परवानगी आहे. ती कोणाला मिळते, हा खरा प्रश्न. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे चौदावे कलम सांगते की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. हे कलम किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? व्यवहारात बंदूक वाड्यावर असते आणि रात्री मोसंबीची बाग राखणाऱ्या सालगड्याच्या हाती काठी असते.

२०१६ च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षा-प्रशिक्षण आवश्यक केले. शस्त्र हाताळणे, नेणे, झाडणे, त्याची निगा राखणे, ते घरात सुरक्षित ठेवणे हे त्याला शिकावे लागते. शिवाय शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला द्यावा लागतो. या अटीला आपला पूर्ण पाठिंबा असला पाहिजे. भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवणाऱ्या घरात पहिला धोका चोराला नसतो, घरातल्या पोरांना असतो.

परंतु कागदी दाखल्याने काय होते? येथून बीडची हद्द लांब नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उजेडात आले. छाननी झाली आणि शंभरावर परवाने रद्द करावे लागले. मिरवणुकीत, वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. कमरेला पिस्तूल लावून मते मागत हिंडणाऱ्यांना प्रशिक्षणाची नव्हे, परवाना काढून घेण्याची गरज आहे.

उलट बाजूही पाहा. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहू इच्छिणारा भूमिहीनाचा मुलगा हे शिक्षण शहरात राहून, रोज बुडवून, पदरचे पैसे मोजून घेऊ शकेल काय? अट न्याय्य, पण तिचा खर्च अर्जदारावर टाकला की तीच अट मालमत्तेची अट होऊन बसते आणि चौदावे कलम मागच्या दाराने रद्द होते.

(पिकांसाठी परवाना मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, रानडुकरावर गोळी झाडण्यास वनखात्याची वेगळी परवानगी लागते.)

जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या निवेदनात म्हणून तीन गोष्टी मागू. पोलीस मुख्यालयातील प्रशिक्षकांकडून तालुक्याच्या ठिकाणी विनामूल्य वर्ग भरवावेत. नूतनीकरणाच्या वेळी, दर पाच वर्षांनी, पुढाऱ्यांसह सर्वांची पुन्हा परीक्षा घ्यावी. आणि परवानाधारकांची गावनिहाय संख्या, परवान्याच्या कारणासह, ग्रामसभेपुढे ठेवावी.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. सह्यांची सुरुवात आजच, बागराख्यांपासून करू.