जकात केव्हा आणि कशावर?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे पाणी मरोद्याच्या जलाशयात साठविलेले असते. गरज पडेल तसे ते कारखान्याकडे सोडले जाते. परदेशी मालाच्या बाबतीत जकातीचा कायदाही काहीसा असाच चालतो. माल गोदीवर उतरला की लगेच कर भरावयाचा, असा आपला समज असतो. वस्तुतः माल देशी बाजारात केव्हा शिरतो, यालाच महत्त्व असते.

१९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार आयातदाराला आपला माल बॉन्डेड वखारीत ठेवता येतो. त्या वेळी कर भरावा लागत नाही. मात्र कराच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. माल बाहेर काढण्याचे कागदपत्र ज्या दिवशी दाखल होते, त्या दिवसाचा दर लागू होतो. सर्वसाधारण मालावर ९० दिवसांनंतर व्याजही चढते. म्हणजे ही करमाफी नव्हे, केवळ मुदत आहे. व्यापाऱ्याचे भांडवल मोकळे राहते. दर वाढल्यास भुर्दंडही त्यालाच सोसावा लागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे मुक्त व्यापार क्षेत्र. आपल्याकडे १९६५ साली कांडल्याला आणि १९७३ साली मुंबईत अंधेरीला अशी क्षेत्रे निघाली. २००५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्र हे जकातीपुरते देशाबाहेरचे मानले. तेथे कच्चा माल करावाचून येतो आणि त्यापासून बनलेली वस्तू परदेशी गेली तर जकातीचा प्रश्नच उरत नाही. तीच वस्तू देशात विकावयाची झाल्यास मूळ नियम असा की, ती परदेशातून आली असे समजून कर आकारावा.

खरी मेख येथेच आहे. समजा, सुट्या भागांवर दहा टक्के आणि तयार यंत्रावर पाच टक्के जकात आहे. क्षेत्रातला कारखानदार तयार यंत्रावर पाच टक्के भरून मोकळा होतो. भिलाईतला लहान कारखानदार मात्र तेच भाग आणताना दहा टक्के मोजतो. अमेरिकेतही १९३४ च्या कायद्याखालील क्षेत्रांत, काही अटींवर, तयार वस्तूचा दर निवडता येतो. उलट आपल्या बॉन्डेड वखारीत माल तयार केल्यास देशी विक्रीच्या वेळी कर आकारला जातो तो आत आणलेल्या भागांवर.

म्हणून 'सवलत किती?' एवढेच विचारून भागत नाही. कर कोणत्या दिवसाच्या दराने आणि कोणत्या वस्तूवर, हेही विचारले पाहिजे. निर्यातीला उत्तेजन अवश्य द्यावे; पण कुंपणाबाहेर प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याला त्यापायी आपल्याच बाजारात हार खावी लागू नये.