घट्ट झाकणाचा भरवसा



बकरी ईदच्या मटणाचे आमच्याकडे तीन वाटे होतात. एक गरिबांचा, एक नातेवाइकांचा, एक घरचा. लहानपणी घरच्या वाट्यातलं उरलेलं मटण अम्मी पातळ कापायची, मीठ-हळद लावून अंगणात दोरीवर वाळत घालायची. कावळे हाकलायचं काम माझ्याकडे. चार-पाच कडक उन्हांत त्या पट्ट्या लाकडासारख्या होत. पुढे कधी डाळीत एखादी पट्टी पडली, की घरभर ईदचा वास सुटे.

आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत ऊन येतं ते तासभर. गेल्या ईदला फ्रीज भरला, तेव्हा पत्नीला आठवण झाली अमेरिकेतल्या भाचीची. तिच्याकडे मटण बाटल्यांत भरून वर्षभर ठेवतात. हिनं लोणच्याच्या चार बाटल्या धुतल्या, मटण भरलं, रोजच्या कुकरात ठेवून चार शिट्ट्या काढल्या. निवताना झाकणं आत ओढली गेली. बाटल्या फडताळात रांगेनं बसल्या.

आठव्या दिवशी भाचीचा फोन आला. कौतुक राहिलं बाजूला. ती म्हणाली, "मामू, एकही बाटली उघडू नका."

कारण तिनं समजावलं. बोट्युलिझमचा जंतू मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांतही मरत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही, ओलावा भरपूर, अशी जागा त्यांना मानवते. मटणाची बंद बाटली नेमकी तशीच. तिथे जे विष तयार होतं, त्याला अनेकदा ना वास, ना रंग.

तिकडे त्यासाठी मोठं, वेगळं भांडं असतं. आधी १० मिनिटं वाफ मोकळी सोडून आतली हवा घालवतात. मग दर चौरस इंचाला १० पौंड दाब, म्हणजे सुमारे ११५ अंश उष्णता. अर्ध्या लिटरच्या बाटलीला ७५ मिनिटं, लिटरच्या बाटलीला ९०. हजार फुटांहून उंच गावी दाब १५ पौंड. पुणं तर साडेअठराशे फुटांवर! आपला लहान कुकर झटकन तापतो, झटकन निवतो. बाटलीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोचल्याची खात्री त्यात मिळत नाही. चार शिट्ट्यांत तर नाहीच.

या विषावर पहिलं बारकाईनं लिहिणारा माणूस डॉक्टर होता आणि कवीही. जर्मनीतला युस्टिनुस केर्नर. सॉसेज खाऊन माणसं दगावत, म्हणून त्यानं १८२० आणि १८२२ साली त्यावर पुस्तकं लिहिली. एकाला दोन दिसणं, घसा कोरडा पडणं, गिळता न येणं, आणि शुद्ध मात्र शाबूत. हे विष हवेविना तयार होतं, हेही त्यानं ताडलं. जंतू सापडला तो पुढे १८९५ साली बेल्जियममध्ये, खारवलेलं मांस खाऊन तिघं दगावल्यावर.

अम्मीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण तिच्या दोरीवर मीठ होतं, ऊन होतं. पट्टीत पाणीच उरलं नाही, तर जंतू वाढणार कशावर? आम्ही पाणी ठेवलं आणि हवा तेवढी काढून घेतली. घट्ट झाकण दिसलं आणि निर्धास्त झालो.

पत्नी रडली. "कुर्बानीचं मटण फेकायचं?" माझंही मन होईना. एक बाटली उघडून वास तरी बघावा, असं दोनदा वाटलं. पण वासानं कळणारी गोष्ट नव्हती ती. मांजर-कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून चारही बाटल्या, न उघडता, एका मित्राच्या शेतात खोल पुरल्या. परतताना दोघंही बोललो नाही.

या ईदला तिनं स्वतःच घरचा वाटा लहान केला. फ्रीजमध्ये मावेल तेवढाच. बाकीचं मटण दुपारच्या आत लोकांच्या चुलीवर चढलं होतं.