शिक्षकांचे निवृत्तिवेतन : बदलाचा भार कोणावर?

वाशिम जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक शेजारच्या वर्गांत शिकवितात, असे क्षणभर धरून चालू. फळा, खडू, हजेरीपट दोघांचे सारखेच. एकाची नेमणूक 2005 च्या ऑक्टोबरमधील, दुसऱ्याची त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील. वयाच्या 58 व्या वर्षी दोघेही निवृत्त व्हावयाचे. परंतु त्यानंतरच्या चरितार्थाचा पाया मात्र निराळा. राज्य शासनाने 31 ऑक्टोबर 2005 रोजी निर्णय काढला आणि 1 नोव्हेंबरपासून सेवेत येणाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू केली. ही योजना पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेशी जोडली गेली.

निवृत्तिवेतन म्हणजे शासनाचे औदार्य नव्हे; तो केलेल्या सेवेचा मागाहून मिळणारा मोबदला होय, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नाकारा खटल्याच्या निकालात घेतली. शिक्षकांच्या मागणीचे बळ या विचारात आहे. मात्र मोबदला म्हटला की तो कोणी, केव्हा व कोणत्या पैशातून द्यावयाचा हा प्रश्नही आलाच, आणि सभासमारंभांतून तो सहसा कोणी विचारीत नाही.

हिशेब उदाहरणानेच उलगडतो. एखाद्याचे अखेरचे मूळ वेतन 60 हजार रुपये धरले, तर जुन्या पद्धतीत पूर्ण सेवेनंतर त्याच्या निम्मे, म्हणजे 30 हजार रुपये दरमहा मिळतात. त्यावर महागाई भत्ता मिळतो, आणि तो वेळोवेळी वाढत जातो. नव्या पद्धतीत शिक्षकाचे 10 टक्के व शासनाचे 14 टक्के अंशदान साठत जाते. शासनाचा हिस्सा पूर्वी 10 टक्केच होता. समजा, निवृत्तीच्या वेळी 40 लाख रुपये जमले. त्यातील किमान 40 टक्के, म्हणजे 16 लाख, वार्षिकीत गुंतवावे लागतात. वार्षिकीचा दर सात टक्के धरला तर दरमहा सुमारे 9,300 रुपये येतात. उरलेले 24 लाख हाती पडतात हे खरे, आणि टीकाकार ते पुष्कळदा विसरतात. तेही त्याच दराने गुंतविले तर आणखी 14 हजार रुपये येतील. तरीही एकूण रक्कम 30 हजारांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय महागाई वाढली तरी ती जागची हलत नाही. खरी तफावत या महागाई भत्त्यातच आहे.

आता तिजोरीच्या बाजूने पाहू. जिल्हा परिषद शिक्षकाची नेमणूक करते, पण वेतन व निवृत्तिवेतन यांचा भार राज्याच्या अनुदानावर पडतो. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून त्यासाठी एक पैसाही जात नाही. जुनी योजना परत आणल्यास राज्यावर 1 लाख 10 हजार कोटी रुपयांचा भार पडेल, असे तत्कालीन वित्तमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर 2022 मध्ये सांगितले होते. राज्यांनी जुन्या योजनेकडे वळल्यास एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचारपटीपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या नियतकालिकातील एका अभ्यासाने सप्टेंबर 2023 मध्ये मांडला. यातील मेख अशी की, अशा बदलाने प्रारंभी पैसे वाचतात. शासनाचे मासिक अंशदान थांबते. 2006 साली पंचविशीत रुजू झालेला शिक्षक 2039 मध्ये निवृत्त होईल. निर्णयाचे श्रेय आजचे, देयक मात्र त्या वेळच्या करदात्याच्या नावे.

14 ते 20 मार्च 2023 या काळात राज्यभर शासकीय, निमशासकीय कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, तो याच प्रश्नावर. त्यानंतर तोडग्याच्या वाटा निघाल्या. सेवेत असता मृत्यू आल्यास कुटुंबनिवृत्तिवेतनाचा व उपदानाचा लाभ देण्याचा निर्णय 31 मार्च 2023 रोजी झाला. तरुण वयात कर्ता गमावलेल्या कुटुंबासाठी या एका निर्णयाचे मोल इतर सर्व चर्चेहून अधिक म्हणावे लागेल. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी जाहिरात निघून नंतर नेमले गेलेल्या सुमारे 26 हजार राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा विकल्प देण्याचे मंत्रिमंडळाने जानेवारी 2024 मध्ये ठरविले. पाठोपाठ 1 मार्च 2024 पासून सुधारित योजना घोषित झाली : अखेरच्या वेतनाच्या 50 टक्के निवृत्तिवेतन, त्याच्या 60 टक्के कुटुंबनिवृत्तिवेतन, व त्यांवर महागाईवाढ. केंद्राची एकीकृत योजना 24 ऑगस्ट 2024 रोजी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली.

केंद्राच्या या योजनेत 50 टक्क्यांसाठी किमान 25 वर्षांची सेवा लागते. सेवा त्याहून कमी असल्यास रक्कम त्या प्रमाणात घटते. पस्तिसाव्या वर्षी नोकरी लागलेल्या शिक्षकाची 58 व्या वर्षी सेवा 23 वर्षांचीच भरेल. त्याला 60 हजारांवर 30 नव्हे, 27,600 रुपये मिळतील. भरती वर्षानुवर्षे रखडत गेल्यामुळे उशिरा रुजू झालेल्यांना हे गणित विशेष झोंबणारे आहे.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेतील प्रत्येकाच्या सेवापुस्तकातील नेमणुकीची तारीख, जाहिरातीची तारीख, अंशदानाच्या नोंदी आणि नामनिर्देशन ही चार पाने आताच तपासून घ्यावीत. प्रस्ताव मुख्याध्यापकाकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे व तेथून जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे जातो. वाटेत एक नोंद अपुरी निघाली की कागद पुन्हा शाळेत परततो, आणि निवृत्त शिक्षकाला उतारवयात त्याच्यामागे हेलपाटे घालावे लागतात.