धुऱ्यावरचा दगड

शाल-श्रीफळाआधी मला आपल्याला एक दगड दाखवायचा आहे. मुठीत मावेल एवढा, मातकट, एका टोकाला निमुळता, अंगावर वळ्या असलेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा परिसरात, पिसदुऱ्याकडच्या आमच्या वावरात वखरताना असे दगड वर यायचे आणि आम्ही पोरं ते धुऱ्यावर भिरकावून द्यायचो. हे शेण आहे आणि ते डायनोसॉरच्या काळातलं आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. किती दगड फेकले ते आठवून त्या दिवशी जीव हळहळला.

पिसदुऱ्याच्या अशाच अश्मीभूत शेणात गवत सापडलं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते 2005 साली जगापुढे मांडलं. गवत आपल्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठवतं, त्यांना फायटोलिथ म्हणतात. धानाचं पान बोटावरून ओढलं की चरचरतं, त्यात या सिलिकाचा हात असतो. पान कुजतं, कण उरतात आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. लांब मानेच्या टायटॅनोसॉरांचं मानल्या जाणाऱ्या या शेणात निदान पाच प्रकारची गवतं निघाली. तोवर गवत डायनोसॉर संपल्यावरच आलं, असं सर्वसाधारण मत होतं. म्हणजे गवताचा एवढा मोठा काळ आपल्या हिशेबातच नव्हता, आणि त्याचा पुरावा मात्र आमच्या धुऱ्यावर ऊन-पाऊस खात पडला होता! गवताळ कुरणं पसरली ती फार नंतर; पण गवत होतं, आणि एका जातीचं नव्हतं.

जीवसृष्टीची जुनी खानेसुमारी अशीच होत आली आहे. जे चिखलात, तळ्याच्या गाळात दबलं तेच मोजणीत आलं. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये जे काही काळ उसंतीचे गेले, तेव्हाच्या तळ्यांचा गाळ नागपूरजवळच्या टाकळीला आणि छिंदवाड्याच्या मोहगाव कलानला दगड होऊन राहिला. त्यात फळं, बिया, लाकूड इतकं नीट टिकलं की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजाव्यात. स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर भागातले जीवाश्म एकोणिसाव्या शतकात गोळा केले. पण लाव्हाच्या त्या काळी उंच माळावर काय उगवत होतं? तिथं गाळच साचला नाही, म्हणून तो रकाना कोरा आहे. कोऱ्या रकान्याला आपण शून्य म्हणू लागलो, की चूक होते. एखाद्या थरात जाती अचानक घटलेल्या दिसतात तेव्हा त्या खरंच संपल्या, की त्या वयाचा खडकच आपल्याकडे कमी उघडा पडला आहे, हे आधी तपासावं लागतं. जीवाश्म अभ्यासकांच्या या दोन दिवसांच्या मेळाव्यात इथं त्यावर भांडण व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उद्या सकाळी सात वाजता पिसदुऱ्याला गाड्या निघतील. डोक्याला रुमाल बांधा, पाणी सोबत घ्या. वावरात पीक उभं आहे, पाय जपून टाका. आणि कुठलाही दगड उचलण्याआधी तो कुठल्या वावरात, कुठल्या धुऱ्यापासून किती पावलांवर होता, ते वहीत लिहा. मग मालकाला विचारा. ते तिथंच उभे असतील, चहा घेऊन.