वादळापूर्वींची तयारी

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. ओडिशाच्या किनाऱ्यावरील गांवांना हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजीं पारादीप बंदराजवळ एक महाचक्रीवादळ किनाऱ्यावर येऊन आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २६० किलोमीटर होता. त्यानें लोटलेलें समुद्राचें पाणी दूरवर आंत शिरलें आणि एकट्या एरसमा भागांत हजारों माणसें बुडालीं. एकंदर मृतांची संख्या १०,००० च्या घरांत गेली. वादळाची सूचना हवामानखात्यानें आधीं दिली होती. परंतु ती ऐकून जावयाचें कोठें, हाच प्रश्न होता. कुडाच्या घरांच्या गांवांत उंच, पक्की इमारत क्वचितच आढळे. शिवाय गाईगुरें आणि कणगींतील धान्य मागें टाकून निघण्यास मन धजत नसे.

त्यानंतर राज्यानें आपत्तिनिवारणासाठीं स्वतंत्र संस्था स्थापन केली. पुढील वर्षांत किनाऱ्यावर ८०० हून अधिक आश्रयगृहें उभीं राहिलीं. त्यांपैकीं अनेकांत एरव्हीं शाळा भरतात, त्यामुळें तीं ओस पडत नाहींत. त्यांची देखभाल गांवकऱ्यांच्या समितीकडे असते. म्हाताऱ्यांना कोणी आणावयाचें, प्रथमोपचार कोणी करावयाचे, हीं कामें आधींच वांटून दिलेलीं असतात, आणि वादळाच्या ऋतूपूर्वीं त्यांची रंगीत तालीम होते.

३ मे २०१९ रोजीं ‘फनी’ वादळ पुरीजवळ धडकलें, तेव्हां सुमारें १२ लाख लोक आधींच सुरक्षित जागीं पोंचले होते. त्या वादळाचा जोर १९९९ इतका नव्हता, हें खरें. तरीहि मृतांची संख्या ६४ वर थांबली, याचें श्रेय केवळ वाऱ्याला देतां येणार नाहीं.

निसर्गाचें साहाय्यहि विसरतां येत नाहीं. १९९९ मध्यें केंद्रापाडा जिल्ह्यांतील ज्या गांवांपुढें खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तेथें मृत्यू कमी झाल्याचें पुढील संशोधनांत दिसून आलें. खारफुटी तोडणें म्हणजे गांवाचा तटच पाडणें होय.

समुद्राचें पाणी तापत आहे आणि त्याबरोबर तीव्र वादळांचें प्रमाण वाढण्याचा संभव आहे. तेव्हां जीव वांचला म्हणजे सर्व कांहीं वांचलें, असें मानून चालणार नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळांत श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. बहुतेक माणसें वांचलीं, पण पोफळ पुन्हां फळूं लागण्यास कित्येक वर्षें लागतात. तोंवर बागाइतदाराच्या घरची चूल कशावर पेटणार? याची तरतूद हाहि वादळाच्या तयारीचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट उरते. वादळ कधीं वाट बदलतें. आश्रयगृहांत काढलेली रात्र मग फुकट गेल्यासारखी वाटते, आणि पुढच्या वेळीं पाय घराबाहेर पडत नाहीं. खरी परीक्षा त्या पुढच्या वेळीं असते. सकाळीं आपलें घर जसेंच्या तसें उभें पाहून जें गांव हंसत परत येतें आणि पुन्हां सूचना येतांच तितक्याच तत्परतेनें निघतें, त्या गांवाची तयारी पुरी झाली असें समजावें.