सुटका झाली, पुढे काय?

अमेरिका-युरोपातल्या चर्चमधली काही तरुण मंडळी सुट्टीत दोन-तीन आठवड्यांसाठी भारतात, नेपाळात, थायलंडमध्ये येतात. विकल्या गेलेल्या मुलींच्या आश्रयगृहात काम करतात आणि परत जातात. त्यांच्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. पण अशा मुलीचं दुखणं दोन आठवड्यांत बरं होणारं नसतं.

या कामाचा मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेलं एक घर पाहिलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथं मानानं राहून आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे सारं नवीन होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा उपाशी पोरींना हेरून पळवणारी माणसं तिथं फिरत होती. रमाबाईंनी अशा शेकडो मुली केडगावला आणल्या. तिथं त्यांना लिहिणं-वाचणं, विणकाम, शेती, छपाई शिकवली. परदेशी बायकाही मदतीला आल्या. मिनी अब्राम्स १८८७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, मराठी शिकल्या, १८९८ साली केडगावला गेल्या आणि १९१२ साली भारतातच वारल्या. ज्या मुलीचे अश्रू पुसायचे, तिची भाषा आधी शिकावी लागते, हे त्यांना कळलं होतं.

आता धर्माचं. मी मुसलमान आहे, म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदनावर वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मी समजू शकतो. मदतीला अट चिकटली की तिचा सौदा होतो. पण मुली काढून नेणं सोपं, सांभाळणं अवघड. परक्यांनी का केलं, असं विचारणाऱ्यानं आपण काय केलं, हेही सांगितलं पाहिजे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबांच्या टोळ्या उसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. प्रत्येक मुकादम वाईट नसतो. पण कर्ज डोक्यावर, गाव अनोळखी आणि सोबत वयात आलेली पोर, अशा वेळी ‘चांगलं काम देतो’, ‘चांगलं स्थळ आहे’ म्हणणाऱ्याचं फावतं. तो पोरीला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही.

यासाठी समुद्र ओलांडायला नको. टोळी निघताना मुकादमाचं नाव, गाडीचा नंबर आणि कारखान्याचा पत्ता गावात लिहून ठेवा. पोरीला शाळेच्या वसतिगृहात ठेवता आलं तर ठेवा. संशय आला तर १०९८ ला फोन करा. आणि एखादी पोर परत आलीच, तर ‘कुठं होतीस’ असं दहा जणांनी विचारण्याआधी एकानं तरी तिला ‘जेवलीस का’ म्हणावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)